हिरवीं घरें : उपनगरांतील एक फेरफटका

बोरिवलीच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. कुटुंब मोठें, सासूसासरे, दोघे दीर, जावा व मुलेंबाळें मिळून तेरा माणसें एकाच मजल्यावरच्या दोन लगतच्या बिऱ्हाडांत राहतात. इमारत पन्नास वर्षांची, चार मजल्यांची; आवारांत दोन आंबे, एक फणस, एक बकुळ आणि एक जुनी विहीर. ही इमारत पाडून तेथें बावीस मजली मनोरा उठावयाचा आहे, आणि बांधकाम करणाऱ्या मंडळींनीं सभासदांस जें गुळगुळीत पुस्तक वांटलें आहे त्यांत 'ही हरित इमारत होईल' असें ठळक अक्षरांत छापलें आहे. त्या लिहितात, "मास्तर, हरित म्हणजे नक्की काय? घरांतील पुरुषमंडळी चौरस फुटांच्या हिशेबांत गढली आहे. मला फणस जाणार याचें वाईट वाटतें. पण सभेंत तेवढेंच बोललें तर सारे हंसतील. काय विचारावें तें सांगाल काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एका घराचा नाहीं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या शेंकडों सहकारी इमारतींपुढें तो आज उभा आहे. २००९ च्या शासननिर्णयाप्रमाणें पुनर्विकासास तीनचतुर्थांश सभासदांची संमति लागे. २०१९ सालीं ती ५१ टक्क्यांवर आली. म्हणजे निर्णय लौकर होतात. घाईनें होणाऱ्या निर्णयांत झाडें, पाणी व वारा यांचें नांव कोणी काढीत नाहीं, कारण त्यांचा भाव चौरस फुटांत सांगतां येत नाहीं. यास्तव या वेळीं घरीं बसून उपदेश करण्यापेक्षां चार रविवार प्रत्यक्ष फिरून यावें, असें आम्हीं ठरविलें. बरोबर आमच्या धाकट्या बंधूंची नात होती. ती वास्तुकलेच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या पिशवींत मोजपट्टी व होकायंत्र असतें, आमच्या पिशवींत पाण्याचा तांब्या.

प्रथम शब्दाविषयीं. संस्कृतांत 'हरित्' हें सूर्याच्या घोड्यांचें नांव आहे, म्हणून सूर्यास 'हरिदश्व' म्हणतात. ज्या इमारतीनें सूर्याशीं कसें वागावें याचा विचार केलेला नाहीं तिला हरित म्हणणें आमच्या कानाला तरी खटकतें. असो. व्यवहारांत या शब्दाला ठराविक अर्थ आला आहे. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था २००१ सालीं निघाली. हैदराबादेस सोहराबजी गोदरेज यांच्या नांवानें जें केंद्र बांधलें गेलें, त्याचें उद्घाटन २००४ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें झालें. अमेरिकेबाहेर त्या पद्धतीचें सर्वोच्च 'प्लॅटिनम' मानांकन मिळविणारी ती पहिली इमारत. पुढें टेरी संस्थेनें केंद्र सरकारच्या सहकार्यानें आपल्या हवामानास धरून दुसरी पद्धति काढिली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'गृह' असा होतो, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटली.

या संस्थांचे परीक्षक इमारतीस गुण देतात : पाणी किती वांचलें, वीज किती कमी लागली, कचऱ्याची वाट काय, उजेड किती आंत येतो, जागेवरची माती व झाडें कितपत राखलीं. आम्हीं स्वतः उभी हयात गुण देण्यांत घालविली. ७० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यानें ते कोणत्या प्रश्नांवर मिळविले हें पाहिल्याखेरीज त्याची खरी परीक्षा होत नाहीं, हें कोणीही मास्तर सांगेल. कमी पाण्याच्या तोट्या, कमी विजेचे दिवे, बिनवासाचा रंग यांवर पुष्कळ गुण गोळा होतात. तीं चांगलींच आहेत. पण मातीच्या प्रश्नांत काठावर सुटूनही एकूण निकाल उत्तम लागूं शकतो. म्हणून प्रमाणपत्र पाहावें, आणि त्याबरोबर गुणपत्रकही मागून घ्यावें.

आतां फेरफटका. सुरुवात आम्हीं मुद्दाम सर्वांत जुन्या वसाहतीपासून केली. बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें. त्याच्या पोटांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. कृष्णगिरि, प्राकृतांत कण्हगिरि, त्याचें कान्हेरी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढें हजार वर्षें येथें वस्ती होती, आणि लहानमोठीं शंभरांहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं. बहुतेक पाहुणे तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह व त्यांतील उंच बुद्धमूर्ति पाहून परत फिरतात. आमच्या वाचकांनीं मूर्तीस नमस्कार करून वर चढावें आणि पायांखालीं पाहावें.

डोंगर काळ्या अग्निजन्य खडकाचा. असा खडक पाणी चटकन् पीत नाहीं. पाऊस चार महिने कोसळणार आणि आठ महिने टिपूस नाहीं. अशा ठिकाणीं शेंकडों भिक्षूंची सोय कशी व्हावी? उत्तर प्रत्येक लेण्याच्या दारांत कोरलेलें आहे. माथ्यावर खडकांत उथळ पन्हळी काढल्या आहेत. छपरावर पडणारें पाणी दर्शनी भागावरून न ओघळतां त्या पन्हळींनीं बाजूस वळतें आणि अंगणालगतच्या टांक्यांत उतरतें. या टांक्यास 'पोढी' म्हणतात. दात्यांनीं कोरविलेल्या प्राकृत लेखांतही हाच शब्द आहे. तोंड लहान आणि पोट मोठें, म्हणजे ऊन कमी लागतें व पाणी उडून जात नाहीं. कित्येक पोढ्यांत ऐन उन्हाळ्यांतही पाणी असतें. नात खडकावर पालथी पडून आंत विजेरीचा झोत टाकून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, आम्हांला महाविद्यालयांत पावसाच्या पाण्याचा जो नकाशा काढायला लावतात, तो इथें अख्खा काढून ठेवलाय!"

आम्हांस याहूनही मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. कल्याण, सोपारा येथील व्यापारी, गृहस्थ व गृहिणी यांनीं लेणें दिलें तेव्हां बरोबर पोढी दिली, आणि कित्येकांनीं 'अक्षयनीवि' म्हणजे कायमची ठेव ठेवून तिच्या व्याजावर पुढील खर्चाची सोय लावली. नवव्या शतकांत, शिलाहारांच्या अमदानींतील एका लेखांत तर पूजा, विहाराची दुरुस्ती, भिक्षूंचीं वस्त्रें आणि पुस्तकें यांसाठीं वेगवेगळ्या रकमांची तजवीज नमूद आहे. दुरुस्तीचा खर्च ज्यानें दानपत्रांतच लिहिला तो माणूस घर म्हणजे काय हें जाणत होता! आजच्या गुळगुळीत पुस्तकांत बागेचें चित्र असतें, माळ्याचा पगार नसतो.

आणखी एक. लेण्यापुढें खांबांची पडवी, पडवींत दगडी बांक, आणि समोर उघडी दरी. भर दुपारीं बाहेर पाय भाजत होते, पण पडवींत बसल्यावर घाम सुकला. पंखा नाहीं, यंत्र नाहीं. जाड खडक दिवसाचें ऊन आंत पोंचूं देत नाहीं आणि पडवी उन्हाची तिरीप दारांतच अडविते. या उद्यानांतच विहार व तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईस त्यांचें पाणी अद्याप मिळतें. शहर मोठें होत गेलें तसें पाणी दुरून, तानसा-वैतरणेवरून आणावें लागलें. पण नळ उघडतांना आपल्या मनांत डोंगर किंवा जंगल येतच नाहीं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या रविवारीं अंधेरी. पूर्वेस कोंडिवटें येथें, ज्यांस लोक महाकालीचीं लेणीं म्हणतात, तेथें १९ लेणीं आहेत. भोंवतीं कारखाने, कचेऱ्या आणि वाहनांचा कल्लोळ. मध्येंच हा शांत खडक. नवव्या लेण्यांत स्तूपाभोंवतीं वाटोळी कोठडी असून तिच्या भिंतींत दाराच्या दोन्ही अंगांस दगडी जाळ्या आहेत. एका ब्राह्मणानें येथें विहार दान केल्याचा प्राकृत लेखही आहे. धर्म वेगळा असला तरी निवारा देण्यांत कमीपणा मानण्याची तेव्हां रीत नव्हती. पण आमचें लक्ष जाळीकडे. लाकडी-कुडाच्या झोपडीची जाळी ज्यानें दगडांत उतरविली त्यास ती शोभेची वस्तु वाटत नसावी. जाळींतून वारा येतो, ऊन गाळलें जातें, आणि आंतल्या माणसास आडोसा मिळतो. तीन कामें एका दगडाकडून!

येथून विमानतळ हाकेच्या अंतरावर. सहारचें २०१४ सालीं उघडलेलें दुसरें टर्मिनल आम्हीं बेंगळुरास जातांना पाहिलें होतें. अमेरिकेच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या मंडळींची ती रचना. एवढें अवाढव्य छप्पर, पण त्यास भोंकें ठेवून दिवसाचा उजेड थेट खालीं आणला आहे. छताची नक्षी मोरपिसासारखी, आणि काचेच्या भिंतींवर छिद्रें पाडलेले पत्रे असे बसविले आहेत कीं सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन गाळून आंत यावें. म्हणजे कोंडिवट्याची जाळीच ती, फक्त धातूची. तथापि एवढी यंत्रसामग्री चालविणाऱ्या इमारतीस वीज किती लागत असेल हें मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. सर्व कांहीं जाळीनें भागत नाहीं. तेवढें मान्य करूनही सांगावेंसें वाटतें कीं, ज्यास कोट्यवधि रुपये खर्चावयाचे होते त्यानेंही शेवटीं जाळीच निवडली.

याच्या उलट नमुना त्याच रस्त्यावर दिसला. कचेरीची एक नवी इमारत, नखशिखांत निळ्या काचेची, आणि तोंड पश्चिमेस. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. पण तीन वाजल्यानंतर तो पश्चिमेच्या भिंतीवर तासन्तास टेकतो. उन्हाळ्यांत खरा ताप त्या भिंतीचा. तेथें काच लावणें म्हणजे चुलीजवळ लोण्याचा गोळा ठेवणें. आंत यंत्रें थंडी निर्माण करीत होतीं आणि आंतली उष्णता रस्त्यावर सोडीत होतीं. खालीं शहाळेंवाला बिचारा दोन्हीकडून भाजत होता. दर्शनी भिंतीवर एक 'उभी बाग' होती. शेंकडों लहान प्लास्टिकच्या कुंड्या खिळ्यांनीं टांगलेल्या. निम्म्या वाळलेल्या, उरलेल्यांस टँकरनें पाणी. प्रवेशद्वाराशीं हरितपणाचा फलक मात्र पितळेचा आणि घांसून लख्ख केलेला होता.

उभी झाडी मुळींच शक्य नाहीं असें नव्हे. इटलींतील मिलान शहरीं २०१४ सालीं स्तेफानो बोएरी यांनीं बांधलेल्या जोडमनोऱ्यांच्या गच्च्यांत खरीखुरी मोठीं झाडें आहेत. पण तीं छाटावयास माळी दोरांनीं लोंबकळत उतरतात, आणि ती व्यवस्था इमारतीच्या कायमच्या खर्चांत धरलेली आहे. आपल्या इकडे चार्ल्स कोरिया यांनीं कंबाला हिलवर १९८३ सालीं पुरी केलेली 'कांचनजंगा' ही २८ मजल्यांची इमारत पाहण्यासारखी आहे. मुंबईंत समुद्राचा वारा पश्चिमेचा, तोच पाऊस आणणारा, आणि तिकडूनच दुपारचें ऊन. वारा घ्यावा तर पाऊस-ऊन आंत येतें. जुन्या बंगल्यांनीं ही अडचण भोंवतीं ओसरी काढून सोडविली होती. कोरियांनीं तीच ओसरी उचलून कोपऱ्यांतील दोन मजले उंच बागांच्या रूपानें आकाशांत नेली. श्रीमंतांची इमारत आहे खरी. पण ओसरी कांहीं श्रीमंतांचीच मिरास नव्हे. उपनगरांतल्या कोणत्याही घराला तीन हात रुंद सज्जा देतां येतो. मग आपण काय करितों? सज्जा मिळतांच त्यास सरकत्या काचा लावून त्याची खोली करितों, आणि नंतर उकडतें म्हणून यंत्र आणितों. यांत दोष बांधणाऱ्याचा किती आणि आपला किती, हें घरोघरीं ज्यानें त्यानें पाहावें. मोठ्या कुटुंबांत जागा अपुरी पडते हें आम्ही जाणतों. आमच्याही घरीं कुरडया वाळत घालण्यावरून आणि नातवंडांच्या अभ्यासावरून सज्जाचा तंटा होतो.

तिसरा रविवार विक्रोळीस गेला. घाटकोपर व मुलुंड यांच्या मधोमध, ठाण्याच्या खाडीकांठीं गोदरेज मंडळींनीं १९४३ सालीं विस्तीर्ण जमीन घेतली आणि पुढें तेथें कारखाने व पिरोजशानगरची वसाहत वसविली. खाडीकडच्या अंगास दाट कांदळवन होतें. भराव टाकून तेथें आणखी इमारती उठविणें सोपें होतें. पण तें वन त्यांनीं राखलें, आणि १९८५ पासून त्याच्या अभ्यासासाठीं सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नांवाचें केंद्र चालविलें आहे. आम्ही परवानगी काढून आंत गेलों. तिवराचीं मुळें चिखलांतून वर बोटांसारखीं उभीं राहतात; चिखलांत हवा नाहीं म्हणून तीं वरून श्वास घेतात. भरतीचें पाणी त्यांत शिरतें, मंदावतें, गाळ टाकतें आणि ओहोटीस परत जातें.

ही इमारत नव्हे, मग येथें कशाला आलों, असें कोणी विचारील. २६ जुलै २००५ हा दिवस उपनगरांत कोणी विसरलेलें नाहीं. सांताक्रुझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदीच्या कांठच्या वस्त्या बुडाल्या, गाड्या बंद पडल्या, माणसें रात्रभर कचेऱ्यांत अडकलीं. पाणी जावयाच्या वाटा आपण बांधून काढिल्या होत्या, तें पाणी आपल्या घरांत आलें. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवन तोडण्यास आणि त्याच्या ५० मीटरांच्या आंत बांधकाम करण्यास मनाई केली. ठाणे खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं तिला रामसर यादींत स्थान मिळालें. आपल्या चार भिंतींच्या आंत कितीही हरितपणा केला आणि हें वन गेलें, तर तळमजल्याच्या फरशीवर पाणी येणारच. घराची हद्द सातबाराच्या उताऱ्यावर संपत असेल, पण पाण्याला ती दिसत नाहीं.

चवथ्या रविवारीं आम्ही लांब गेलोंच नाहीं, मुलुंडांतच राहिलों. आमचें मुलुंड चौकटीच्या आंखणीचें, रस्ते सरळ, आणि जुन्या इमारतींस आवारें बरीं. एका बाजूस अशी जुनी इमारत आणि भिंतीला भिंत लागून तिच्याच जागीं होणाऱ्या प्रकारचा नवा मनोरा, अशी जोडी नातीनें निवडली आणि दोन्हींचें आवार पावलांनीं मोजलें. जुन्या आवारांत सुमारें निम्मी जागा उघडी माती. नव्यांत बाग मोठी, हिरवळ मऊ, मुलांस खेळावयास रबरी फरशी. पण ती सर्व बाग गाड्या ठेवण्याच्या तीन मजल्यांच्या डोक्यावर, ज्यास पोडियम म्हणतात, त्यावर आहे. माती किती? दोन-अडीच फूट. खालीं सिमेंट. तेथें ताड-माडांच्या विलायती जाती, चांफा, झुडुपें जगतील. आंबा, फणस, वड यांचीं मुळें तेथें कशीं राहणार? जमिनीवर जी मोकळी जागा उरली ती अग्निशामक बंबास फिरावयास हवी म्हणून कठीण फरशीची. तो नियम माणसें वांचविण्यासाठींच आहे, त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. गोम आहे ती गाड्यांत. प्रत्येक बिऱ्हाडास दोन गाड्यांची जागा पाहिजे असेल तर ती झाडाखालून निघणार.

येथेंच त्या बोरिवलीच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. त्यांनीं फणसाविषयीं बोलण्यास मुळींच संकोच करूं नये. पण फणस मागतांना त्याच्याखालची माती मागावी. अस्सल जमीन, जिच्या खालीं गाड्या नाहींत, अशी किती चौरस मीटर राहणार आणि ती नकाशावर कोठें आहे, हा पहिला प्रश्न. याचें उत्तर आंकड्यांत लेखी मिळाल्याखेरीज इतर प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं.

दुसरें पाण्याचें. मुंबईच्या महापालिकेनें २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पावसाचें पाणी जिरविण्याची व्यवस्था सक्तीची केली. म्हणजे ती व्यवस्था नकाशांत असतेच. पण ती चालते काय? आम्हीं पाहिलेल्या दोन ठिकाणीं खड्ड्यावर लोखंडी झांकण होतें, झांकणावर दुचाकी होती, आणि आंतली वाळू कधीं धुतली हें रखवालदारास ठाऊक नव्हतें. थोडें गणित करूं. गच्ची १००० चौरस मीटर, पाऊस वर्षास निदान दोन मीटर. म्हणजे २००० घनमीटर, अर्थात् २० लक्ष लिटर. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी १६ लक्ष उरतात. माणशीं रोज १३५ लिटर हें प्रमाण धरून ४०० माणसांच्या वसाहतीस रोज ५४,००० लिटर लागतात. म्हणजे एका गच्चीवर सबंध वसाहतीचें जवळजवळ एक महिन्याचें पाणी पडतें आणि गटारांतून खाडीस जातें. सगळें सांठविण्याएवढी टांकी कोणी बांधणार नाहीं, हें उघड आहे. पण धुणें-झाडझूड, बाग आणि शौचकूप यांपुरती वेगळी टांकी व वेगळा नळ प्रथमपासून घातला तर जमतें. मागाहून भिंती फोडून तें करणें कोणाच्यानें होत नाहीं. जुनी विहीर असेल तर ती बुजवूं देऊं नये. गच्चीचें गाळलेलें पाणी विहिरींत सोडावें. कान्हेरीच्या पोढीचेंच तें काम.

झाडांविषयीं कायदाही जाणून घ्यावा. १९७५ सालच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें परवानगीशिवाय झाड तोडतां येत नाहीं, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' मानलें आहे. तेव्हां सभेपूर्वीं आवारांतील झाडांचें वय काढून यादी करावी. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारलें म्हणजे बहुधा लागवडीचें साल कळतें. 'झाड दुसरीकडे हलवूं' हें आश्वासन ऐकण्यास गोड. पण मोठ्या फणसाचीं मुळें छाटून त्याला दुसरीकडे उभें करणें आणि तें जगणें यांत पुष्कळ अंतर आहे. नवीं झाडें लावावयाचीं तीं इकडचीं, म्हणजे बकुळ, करंज, ताम्हण, कदंब, सोनचाफा अशीं असावींत. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत झाडांमधील अंतर २० हात असावें तें उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ, असें सांगितलें आहे. हल्लीं जपानच्या मियावाकी यांच्या पद्धतीनें अगदीं दाट लागवड करितात. तिची रीत वेगळी, आणि ओसाड तुकड्यावर ती उपयोगी पडत असेल. पण ज्या झाडाखालीं खाट टाकावयाची आहे त्याला वराहमिहिराचेंच अंतर हवें.

उरल्या गोष्टी लहान पण नेहमींच्या. पश्चिमेच्या भिंतीस सज्जा किंवा जाळी आहे काय. स्वयंपाकघरास समोरासमोर दोन खिडक्या आहेत काय. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा व वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी घातली आहे काय, जिनें वरच्या मजल्याचा ताप पुष्कळ कमी होतो. सौर पत्र्यांखालीं बायकांस वाळवणें घालण्यापुरती जागा राहिली काय. ओला कचरा आवारांतच जिरवावा म्हणून महापालिकेनें २०१७ सालीं मोठ्या वसाहतींमागें लकडा लावला. खताचा खड्डा कोठें असेल हें आधींच ठरवून घ्यावें, नाहींतर तो नेमका तळमजल्यावरच्या एखाद्या आजीबाईंच्या खिडकीखालीं येतो आणि आठ दिवसांत बंद पडतो.

आणि शेवटीं अक्षयनीवि. १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकारानें पहिली सहकारी गृहसंस्था स्थापिली, तेव्हांपासून दुरुस्तीचा निधि हा सहकारी घराचा कणा समजला जातो. नव्या मनोऱ्यांत बांधणाऱ्याकडून ठेव मिळते. ती बहुधा लिफ्ट आणि रंग यांत जाते. त्या ठेवींतला एक ठरलेला भाग पाण्याचे खड्डे दर मे महिन्यांत उपसणें, विहीर धुणें आणि माळ्याचा पगार यांसाठींच राहील, असें करारपत्रांत स्वतंत्र कलम घालावें. वकील म्हणतील कीं असें कलम कोणी घालीत नाहीं. शिलाहारांच्या काळीं घालीत असत, असें त्यांस सांगावें.

ज्यांस कान्हेरी पाहावयाची असेल त्यांनीं सोमवार टाळावा, त्या दिवशीं उद्यान बंद असतें. बोरिवलीच्या दारापासून लेणीं सुमारें सहा किलोमीटर आंत आहेत. सकाळीं लौकर निघावें, म्हाताऱ्यांनीं काठी व टोपी घ्यावी, आणि खाऊ हातांत धरूं नये, कारण माकडें धीट आहेत. पोढ्या पाहावयाच्या तर जुलैच्या सरींत जाणें उत्तम. पन्हळींतून पाणी कसें धांवतें तें तेव्हांच दिसतें. फक्त पायऱ्यांवर शेवाळ असतें, तेथें मुलांचा हात धरावा.